नाव विकणाऱ्याच्या ओट्यावर

आमच्या असोद्यात माझ्या दारात आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय परत जात नाही. भांडायला आलेला असला तरी आधी कप रिकामा करतो, मग भांडतो. हा माझा मोठेपणा आहे आणि तो मी लपवत नाही. पण सांगायचं कारण वेगळं. त्या चहाचाच एका चोरानं माझ्याविरुद्ध पुरावा केला.

केळीचे घड उतरवायचं काम चालू होतं. दुपारी दारात भाड्याची गाडी थांबली. आतून एक वय वाढलेला मुलगा, त्याची बहीण आणि मेहुणा उतरले. बहिणीच्या पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आलेली. आमच्याकडे हे आता नवं नाही. मुलगे ढीगभर, मुली मोजक्या. शेती करणारा मुलगा पस्तिशीला टेकला तरी त्याला कोणी विचारत नाही. म्हणून मुलाकडचे लोक नारळ आणि ब्लाऊजपीस गाडीतच ठेवून फिरतात. कोणी पत्ता दिला की वळवली गाडी.

"दिपमालाताईंचं घर हेच ना?" बहिणीनं विचारलं.

दिपमाला माझी नात, माझ्या ईश्वरची थोरली. जळगावच्या बाहेर एका प्रयोगशाळेत केळीची रोपं तयार करते. बाटलीत बोटाएवढी रोपं वाढवतात ना, ती. स्वतःचा पगार घेते, स्कूटीवर जाते-येते, आणि लग्नाचं काढलं की म्हणते, "सांगेन ना आजी." ती सांगेल तेव्हा सांगेल, असं मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलेलं.

मला वाटलं, कोणा सोयऱ्यानं धाडले असतील. ओट्यावर बसवलं, शेव-चिवडा दिला. मी किटलीतून चहा ओतत होते तेव्हा त्या बहिणीनं मोबाईल वर धरून फोटो काढला.

"मॅडमना पाठवायचा असतो," ती म्हणाली. "पोचलो म्हणून."

"कोण मॅडम?"

"सोनहळदच्या. त्यांच्याकडेच तर पैसे भरले. नाव नोंदवायचे वेगळे, मुलीच्या पसंतीचे वेगळे."

मी किटली खाली ठेवली. "माझ्या नातीची पसंती मला माहीत नाही, आणि तुम्ही ती विकत घेऊन आलात?"

तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. मी तिसरीपर्यंतच शिकले आहे, पण नातीचं तोंड ओळखायला तेवढं पुरतं. जांभळ्या साडीतली दिपमाला. तो फोटो आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याच्या पुस्तकातला. पुस्तक घरोघरी गेलं, मग मोबाईलवरून गावोगाव गेलं, आणि तिथून कोणीतरी उचललं. वर हळदीच्या रंगात मोठं नाव, सोनहळद. खाली उंची, शिक्षण, आमचा पत्ता, आणि शेवटी एक ओळ: मुलगा शेती करणारा असला तरी चालेल, वयाची अट नाही.

वयाची अट नाही. माझ्या पोरीच्या तोंडात ही भाषा कोणी घातली?

त्या लोकांना मी खरं ते सांगितलं. मुलगा चहाच्या कपाकडे बघत राहिला. त्याच्या बहिणीनं पिशवी उचलली आणि जाताना म्हणाली, "तसं असेल तर चहा काहून पाजला?"

पुढच्या आठवड्यात दुसरे आले, मग तिसरे. त्यांच्यापैकी एकानं मला मोबाईलवर माझाच फोटो दाखवला. मी किटली घेऊन उभी, समोर नारळाची पिशवी, आणि खाली लिहिलेलं: मुलीच्या आजींची संमती. ते वाचून दाखवलं तेव्हा माझ्या कानशिलातून वाफ निघाली. माझ्या हातचा चहा आणि त्यावर त्याचा शिक्का.

इथपर्यंत मी सोसलं असतं. पण एक दिवस दिपमाला प्रयोगशाळेतून सुटली तर फाटकावर एक माणूस उभा. स्कूटीचं हँडल धरलं त्यानं. "पसंतीचे पैसे घेताना गोड लागले, आता ओळख दाखवत नाहीस?" चारचौघांत. वॉचमननं सोडवलं. ती घरी आली, स्कूटीची किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली, आणि दुसऱ्या दिवशी ती किल्ली तिनं काढली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी निरोप दिला, महिनाअखेरपर्यंत जागा ठेवतो, पुढे ठेवता यायची नाही. ईश्वरला तर तेच हवं होतं.

"उरकून टाकू, आई," तो म्हणाला. "माझ्या मेहुण्याच्या ओळखीत एक स्थळ आहे. एकदा लग्न झालं की कोणी फिरकायचं नाही."

"म्हणजे चोरानं दारावर थाप मारली म्हणून आपण पोरगी मागच्या दारानं देऊन टाकायची?"

"लोक काय बोलतात माहीत आहे का तुला?"

"लोक माझ्या ओट्यावर बसून बोलतात. तू शेतात असतोस. तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे."

पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी लिहून घेतली, शोध सुरू केला. पण पैसे कुठल्या कुठे फिरलेले, फोन कुठल्या राज्यातला, वेळ लागणार होता. वेळ माझ्याकडे नव्हता. तेव्हा दिपमालाच एका सकाळी मोबाईल घेऊन माझ्यापाशी बसली.

"आजी, हे सोनहळद नाव इंटरनेटवर फुकट मिळत नाही. ते विकत घ्यावं लागतं. विकणाऱ्या कंपन्या असतात. हे नाव विकणारी कंपनी कुठली माहीत आहे? धुळ्याची. नामछत्र नावाची."

"म्हणजे चोराच्या दुकानाची पाटी रंगवणारा धुळ्यात बसलाय?"

"रंगवणारा नाही. पाटी लावायला जागा देणारा. आणि त्यानं मनात आणलं तर ती जागा तो काढून घेऊ शकतो."

"मग बसलीस काय? लुगडं बदलते मी."

धुळ्याला आम्ही एसटीनं गेलो. पारोळ्याच्या पुढे दिपमाला मला म्हणाली, "आजी, तिथे जाऊन ओरडू नकोस." मी म्हटलं, "मी कधी ओरडते? माझा आवाजच मोठा आहे."

पत्ता निघाला एका व्यापाऱ्याच्या घराचा. खाली पारसमलशेठचं कापडाचं दुकान, बाजूला स्वच्छ धुतलेला ओटा, त्यावर शेठाणी प्रेमकुंवरबाई मूग निवडत बसलेल्या. वरच्या मजल्यावर त्यांच्या मुलाचं ऑफिस, अखिलचं. काचेचं दार, थंडगार खोली, तीन मुलं मान खाली घालून टकटक करणारी. अखिल तिशीचा, बोलायला मऊ. मऊ बोलणाऱ्याचा मला आधीच संशय येतो.

दिपमालानं सगळं सांगितलं. सगळे फोटो दाखवले, मेळाव्याचं पुस्तक दाखवलं, पोलिसांच्या तक्रारीची प्रत दिली. त्यानं ऐकलं.

"वाईट झालं ताई," तो म्हणाला. "पण आम्ही फक्त नाव विकतो. त्यावर कोण काय छापतं ते आमच्या हातात नसतं."

"कोणाला विकलंस?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही आजी. ग्राहकाची माहिती गुप्त असते."

"त्याची गुप्त. आणि माझ्या नातीचा पत्ता, उंची, सगळं चव्हाट्यावर. बरं दुकान आहे तुझं."

तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "नियम आहेत. वर मोठी संस्था आहे, तिच्याशी आमचा करार असतो. पुराव्यासकट तक्रार आली तर आम्हाला बघावंच लागतं. तुम्ही वेबसाइटवरून तक्रार टाका."

"समोर बसलेय ना मी."

"समोरची चालत नाही. ऑनलाइन टाकावी लागते."

दिपमालानं माझा हात दाबला आणि तिथेच बसून मोबाईलवरून तक्रार टाकली. त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं बघितलं. "आली," म्हणाला. आमच्यात टेबलाएवढं अंतर होतं आणि माझी तक्रार आभाळातून फिरून त्याच्याकडे आली.

खोटं बोलणार नाही, त्यानं नाव बंद केलं. काही दिवस गेले, पण केलं. दिपमालानं मला दाखवलं. सोनहळद उघडलं तर पांढरं पान. मी देवाला साखर ठेवली. ती साखर मुंग्यांनी नेली नसेल तोवर दारात गाडी.

आता नाव होतं हळदसोयरा. रंग तोच, मॅडम तीच, माझी किटली तीच. वयाची अट नाही, तेही तसंच. दिपमालानं शोधलं. विकणारा कोण? नामछत्र, धुळे.

फोन लावला. स्पीकरवर ठेवायला सांगितलं.

"अखिलशेठ, तुमचं गिऱ्हाईक परत आलं."

"हो का? नवीन नावाची नवीन तक्रार टाका आजी."

"माणूस तोच आहे ना?"

"असू शकेल."

"असू शकेल म्हणजे? पैसे तू घेतलेस. त्याच्या नावावर आणखी काय काय आहे ते तुला दिसत नाही?"

"दिसतं," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. "पण तक्रार ज्या नावाची, कारवाई त्या नावावर. एका नावाची तक्रार आली म्हणून त्या ग्राहकाची बाकीची नावं तपासा, असं बंधन आमच्यावर नाही. त्यावर वर चर्चा चालू आहे."

दिपमाला पहिल्यांदा मध्ये बोलली. "आमच्याकडे एका रोपाला हरण्या रोग निघाला तर आम्ही ती अख्खी खेप बाजूला काढून तपासतो. आधी विकलेल्या शेतकऱ्यांनाही फोन करतो."

"ते वेगळं आहे ताई."

"वेगळं काय आहे?"

"झाडं कोर्टात जात नाहीत," तो म्हणाला. बहुधा हा त्याचा विनोद होता.

दुसरं नाव बंद झालं, तिसरं उगवलं. प्रत्येक वेळी नवी तक्रार, पुन्हा तेच फोटो, पुन्हा तीच पोलिसांची प्रत, आणि मधल्या दिवसांत माझ्या दारात गाड्या. खिळ्यावरची किल्ली तशीच. ईश्वर मेहुण्याशी अंगणात फोनवर हळू बोलायला लागला. माझ्या घरात हळू बोललेलं मला सगळ्यात आधी ऐकू येतं. महिनाअखेरच्या रविवारी पाहुणे बोलवायचं चाललं होतं.

अशातच तोतारामभाऊ आले. शिरपूरकडचे, डोक्याला रुमालाची टापशी, पायांत नव्या चपला. सोबत मुलगा रोहिदास. चांगला धिप्पाड, पण खांदे पाडून उभा. दोघांना बसवलं आणि चहा ठेवण्याआधीच सगळं सांगून टाकलं. रोहिदासची मान खाली गेली. तोतारामभाऊंची नाही.

"बठ्ठं पक्कं शे, अक्का," ते म्हणाले, सगळं मॅडमनी ठरवूनच दिल्यासारखं. "मॅडमनी सांगेल शे. पोर कोठे शे?"

"बाबा, उगा ऱ्हा," रोहिदास म्हणाला.

"तू गप. दोन एकर कापसाचा पैसा गेला याच्यात."

"तोतारामभाऊ," मी म्हटलं, "तुम्हाला फसवलं ती मॅडम मला सापडत नाही. पण तिला नाव पुरवणारा सापडलाय. माझ्यासोबत येता? भांडायला नाही. नारळ घेऊन."

आमच्याकडे एक रीत आहे आणि ती सगळ्या खान्देशात कळते. सोयरिकीला म्हणून नारळ घेऊन कोणी ओट्यावर बसलं की त्याला उठ म्हणता येत नाही. नकार द्यायचा असला तरी आधी पाणी, मग चहा, बाईमाणसाला कुंकू. भांडायला गेलेल्याला पोलीस हटवतात. नारळवाल्याला कोण हटवणार?

आधी येऊन गेलेल्यांचे नंबर दिपमालाकडे होते. तिनं फोन केले. दोन कुटुंबं तयार झाली. त्यात ती पहिली, फोटो काढणारी बहीणही होती. तिला मी फोनवर म्हटलं, "चहा काहून पाजला विचारत होतीस ना? ये, आता दुसऱ्याच्या दारी पिऊ."

धुळ्यात पोचलो तेव्हा प्रेमकुंवरबाई ओट्यावरच होत्या. आम्ही चपला काढल्या, रांगेनं बसलो, समोर नारळ मांडले.

"कोणाकडे आलात?" त्या गोंधळल्या.

"तुमच्याकडेच. सोयरिकीला."

"कोणाच्या?"

"ते तुमचे चिरंजीव सांगतील. मुलींचा बाजार त्यांनी दिलेल्या पाटीखाली भरतो."

त्यांचा चेहरा उतरला, पण बाई खानदानी. आधी पाणी आलं. मग आतून त्यांची मुलगी चेलना चहाचा ट्रे घेऊन आली. कॉलेजात जाणारी, केस ओले, नुकतीच न्हालेली. तिनं सगळ्यांना कप दिले, तोतारामभाऊंना वाकून दिला. त्यांनी मोबाईल काढून फोटो घेतला. मला वाटलं, म्हातारा सवयीनं घेतोय.

मी प्रेमकुंवरबाईंना सगळं सांगितलं. त्या पहिल्या बहिणीनं तिचं सांगितलं. रोहिदास नुसता नारळाची शेंडी सरळ करत बसला. दुकानातली गिऱ्हाइकं कापड सोडून आमच्याकडे बघायला लागली. मग अखिल खाली आला.

"हे काय चाललंय?"

"बसा शेठ," मी म्हटलं. "तुमच्या वरच्या खोलीत आमची समोरची तक्रार चालत नाही. इथे चहा चालतो."

"मी प्रत्येक वेळी नाव बंद केलंय आजी. माझं काम मी करतोय."

"एक दार बंद करतोस आणि त्याच माणसाला दुसरं उघडून देतोस. त्याला काम म्हणतात?"

प्रेमकुंवरबाई मुलाकडे वळल्या. "अखिल, त्या माणसाची दुसरी नावं तुला दिसतात?"

"मम्मी, तसं नसतं. उद्या कोणीही येईल आणि म्हणेल, अमक्याचं सगळं बंद करा. खऱ्याचं नुकसान झालं तर? जबाबदारी कोण घेणार? तुला नाही कळणार."

"बंद करा म्हणत नाही मी," दिपमाला म्हणाली. ती ओट्याच्या कडेला उभी होती, बसली नव्हती. "बघा म्हणते. नुसतं बघा. खोटी निघाली तर बंद करा, खरी निघाली तर राहू द्या."

"नियमात येईल तेव्हा बघू," तो म्हणाला आणि वर गेला.

प्रेमकुंवरबाईंनी बायकांना कुंकू लावलं. मीही कपाळ पुढे केलं. राग मुलावर होता, आणि मुलगा तर वर गारव्यात बसलेला.

येताना एसटीत दिपमाला खिडकीला डोकं टेकून म्हणाली, "आजी, रविवारी येऊ दे बाबांचे पाहुणे. मी थकले."

एवढ्या सगळ्या गाड्या, एवढे सगळे नारळ, त्यानं माझं काही वाकलं नव्हतं. त्या एका वाक्यानं मी मोडले. पण तिला दाखवलं नाही. म्हटलं, "रविवार अजून लांब आहे. झोप."

दोन दिवसांनी रोहिदासचा फोन आला. आवाज पडलेला.

"अक्का, बाबानं तो फोटो मॅडमले धाडला, पत्त्यासकट. इचारलं, हेच घर शे का म्हणून. त्याले अजून वाटतं पोर भेटी."

"मग?"

"आता तिथं ती पोर शे. चहा देणारी."

दिपमालानं उघडून बघितलं. नवं नाव, जुना हळदीचा रंग. चेलना, ओले केस, हातात ट्रे. धुळ्याचं व्यापारी घराणं. मुलगा शेती करणारा असला तरी चालेल. वयाची अट नाही.

माझं मन काय म्हणालं ते सांगते. राहू दे, म्हणालं. येऊ देत चार गाड्या त्याच्या ओट्यावर. धरू दे कोणी तिच्या गाडीचं हँडल. त्याशिवाय त्या गार खोलीत ऊन शिरायचं नाही. हे सगळं मनात आलं. मग मी दिपमालाला म्हटलं, "शेठाणीचा नंबर लाव." फोटो शेवटी पोरीचाच. तिनं आमचं काही बिघडवलं नव्हतं. तिनं वाकून चहा दिला होता.

प्रेमकुंवरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला नाही. हातात तसाच धरून त्या जिना चढल्या. मला त्यांचा दम लागलेला ऐकू येत होता. मग काचेचं दार. मग त्यांचा आवाज, अजिबात न चढलेला.

"अखिल, हे बघ. आता तुझ्या बहिणीची तक्रार ऑनलाइन टाकू की समोरची चालेल?"

पुढे बराच वेळ फक्त टकटक ऐकू आली. मी कान लावून बसले. दिपमाला माझ्याजवळ, ईश्वर दारात उभा. अखिल कोणाला तरी म्हणत होता, "त्याचं अख्खं खातं उघड. सगळी नावं काढ. हे बघ. हेही तसलंच. हेही. अरे, हे तर नाशिकच्या मुलींचं आहे." मग एका मुलाचा आवाज: "सर, हे कुठल्यातरी बँकेसारखं दिसणारं." मग अखिल म्हणाला, "सगळी थांबव. पोलिसांना मी कळवतो."

मी फोन बंद करायला सांगितला. या वेळी देवाला साखर ठेवली नाही.

रविवार उजाडला. ईश्वरच्या पाहुण्यांना मी आदल्या दिवशीच निरोप धाडला होता की आमच्याकडे कार्यक्रम नाही. ईश्वर कुरकुरला, पण फार नाही. त्या दिवशी दारात उभं राहून त्यानंही सगळं ऐकलं होतं. पाहुणे आले ते दुसरेच. धुळ्याची गाडी. प्रेमकुंवरबाई आणि अखिल. त्याच्या हातात मिठाईचा डबा.

ओट्यावर बसवलं. डबा मी बाजूला ठेवला, उघडला नाही.

"आजी, चुकलं," तो म्हणाला.

"किती वेळ लागला?"

"कशाला?"

"त्या माणसाची सगळी नावं शोधून काढायला."

त्यानं आईकडे बघितलं. त्या त्याला सोडवायला आल्या नाहीत. "दुपारच्या जेवणाआधी झालं," तो म्हणाला.

"माझ्या दिपमालेसाठी अर्ज लागला, पुरावा लागला, नियम लागला, वरची चर्चा लागली. तुझ्या बहिणीसाठी जेवणसुद्धा लांबलं नाही."

"खरंय."

"खरंय म्हणून मोकळा होऊ नकोस. आधी तुला दिसत नव्हतं असं असतं तर मी तुला आंधळा म्हणून सोडलं असतं. तुला दिसत होतं."

"आता आमच्याकडे ठरवलंय," तो खाली बघत म्हणाला. "एका नावाची तक्रार खरी निघाली की त्या ग्राहकाची सगळी नावं तपासायची. वरचं बंधन येवो न येवो."

"हे मला काय सांगतोस? तिला सांग."

दिपमाला आतून आली. अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट, हातात हेल्मेट. रविवारचा दिवस, पण राहिलेलं काम उरकायला साहेबांनी बोलावलं होतं. तिनं देवघराशेजारची किल्ली काढली होती. खिळा मोकळा दिसत होता.

अखिल उठून उभा राहिला. पुन्हा सगळं म्हणाला, नियम, तपासणी, चुकलं.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या बाकीच्या नावांवर ज्या मुलींचे फोटो होते, त्यांना कोणी सांगितलं?"

तो मिठाईच्या डब्याकडे बघायला लागला.

"त्यांच्याही दारात गाड्या गेल्या असतील. त्यांना कळलंय का की हे कुठून आलं? की त्यांच्या घरी अजून कोणी उरकून टाकायचं ठरवतंय?"

"तसं कळवायची आमच्याकडे काही पद्धत..." तो मध्येच थांबला.

"पद्धत नाही, माहीत आहे मला," ती म्हणाली. "पोलिसांकडून पत्ते घ्या आणि कळवा. मी संध्याकाळी घरी आले की फोन करेन. किती जणींना कळवलं ते विचारेन. उद्याही करेन."

तिनं स्कूटी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी कोणी कोणी वळून बघितलं. तिनं आरसा नीट केला आणि गेली.

मी आत गेले, चहा टाकला. साखर सारखीच घातली, त्याला कमी नाही की जास्त नाही. किटली घेऊन बाहेर आले तेव्हा प्रेमकुंवरबाई ओट्याच्या खांबाला टेकून बसल्या होत्या, आणि अखिल अजून उभाच होता, गल्लीच्या टोकाकडे बघत.

"बस," मी म्हटलं. "चहा घे. फोटो काढायचा नाही."

तो बसला. गरम होता तरी एका दमात प्यायला. त्यानं कप बशीत पालथा ठेवला.

मग मी भांडायला बसले.